नोंद : कोंबडी

“कावळा बघ ग, कावळा. नजर कुठं हाय तुझी?”

सोनाआत्याचा हा आवाज उत्पलाला अधूनमधून ऐकू यायचा, तोही भलत्याच ठिकाणी. लिफ्टमध्ये, बैठकीत, सासूबाईंशी फोनवर बोलताना. उदगीरकडच्या खेड्यात, वस्तीच्या कडेला, दोन बाभळींच्या मधे बांधलेली दोरी आणि दोरीवर वाळणाऱ्या बोटभर रुंद, हातभर लांब लाल पट्ट्या. खाली बाजेवर बसलेली छोटी उत्पला, हातात काठी. कावळे हाकलायचं काम तिचं. आत्या विळीवर चिरता चिरता गायची आणि गाता गाताच मधे ओरडायची.

अंगणी बांधली दोरी, लाल पताका वाळती
लेकराच्या ग ताटात, चार घास ते मिळती

त्या पट्ट्यांना चान्या म्हणत. चान्या म्हणजे वाळवलेलं मोठ्याचं, आणि मोठ्याचं म्हणजे बीफ. पावसाची झड लागून मजुरी थांबली की विस्तवावर भाजून, कुटून, भाकरीबरोबर खायचं. नाशिकमध्ये उत्पलाला ओळखणाऱ्या एकाही माणसानं ‘चान्या’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. नवऱ्यानंही नाही.

लग्नाआधी निफाडला निशिकांतच्या घरी ती पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा त्याच्या आईंनी वाढता वाढता सहज विचारलं होतं, “तुमच्यात काय काय चालतं ग?” माणसं चांगली होती. मुलगी बौद्ध आहे म्हणून कोणी वाकडं बोललं नव्हतं. प्रश्नातही तसं काही नव्हतं. तरी रश्शाची पळी ताटावर यायची थांबली होती, तेवढं उत्पलानं पाहिलं आणि म्हणाली, “कोंबडी. तीसुद्धा क्वचितच.”

पळी पुढे आली. त्या वाक्याच्या पायावर तिचा संसार आजवर सुखानं उभा होता.

मग ताटली आली.

कंपनीनं तिचं नाव ‘पारख’ ठेवलं होतं, पण लोक तिला ताटलीच म्हणत. दिसायला साधं स्टीलचं ताट, भोवती काचेची कड. जेवण वाढलं की त्या कडेतून डोळ्यांना न दिसणारा उजेड अन्नावरून फिरे. प्रत्येक अन्नकण त्यातला आपापला वाटा गिळतो आणि उरलेला परत करतो. प्रथिनांची भूक वेगळी, चरबीची वेगळी, पाण्याची वेगळी. परत आलेल्या उजेडात काय कमी आहे ते बघून ताटली ओळखे की पुढ्यात काय वाढलंय. लोह, जस्त, जीवनसत्त्वं अशा बारक्या गोष्टी उजेडाला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कडेला तांदळाच्या कणीएवढी चकती होती. ती रश्शाचा एक थेंब चाखे. पहिला घास तोंडात जाण्याआधी आकडे दवाखान्यात पोचलेले असत.

एवढं सगळं कळणाऱ्या ताटलीला एक गोष्ट कळत नसे: नाव. ते घरच्यांनी सांगायचं. वाढणाऱ्यानं म्हणायचं “वरण”, की ताटली नोंद करी, वरण.

उत्पला एका बालरुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. रक्त कमी असलेल्या मुलांच्या घरी दवाखान्यानं या ताटल्या दिल्या होत्या, आणि आलेले आकडे वाचणं हे तिचं काम. त्या मुलांत तिची स्वतःची जुईही होती. सहा वर्षांची पोर, पण जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. खालची पापणी ओढून बघावी तर आत गुलाबी नाही, विरलेल्या कापडासारखं पांढुरकं. लोहाचं औषध तिच्या पोटात ठरत नव्हतं. घेतलं की उलटी. म्हणून तर उत्पलानं गावाहून आईला बोलावून घेतलं होतं. गयाबाई आल्या, दुपारचं जेवण त्यांनी हातात घेतलं, आणि पोर हळूहळू सुधारायला लागली. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन चक्क दहाच्या वर गेलं. उत्पलानं त्याचं श्रेय बीटला दिलं, खजुराला दिलं, थोडंसं स्वतःलाही दिलं.

त्या मंगळवारी दुपारी दवाखान्यात बसून ती जुईच्या ताटलीचे आकडे बघत होती. नोंद होती, कोंबडी. आकडे मात्र कोंबडीचे नव्हते.

कोंबडी आणि बीफ यांची तुलना तिला पाठ होती. शिकत असताना पाठ केलेला तक्ता ती आता पालकांना दाखवायची, आणि दाखवताना त्यातला बीफचा रकाना झाकून ठेवायची. खरं तर प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच. चरबीच्या बाबतीत कोंबडीची छाती सरसच; हृदयाचे डॉक्टर उगाच तिची शिफारस करत नाहीत. फरक आहे तो लाल रंगात. स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणारं एक प्रथिन असतं, मायोग्लोबिन. त्याच्या गाभ्यात लोहाचा एक कण बसलेला असतो. दिवसभर आपलं भलंमोठं ओझं पायांवर पेलणाऱ्या जनावराच्या स्नायूत ते ठासून भरलेलं, आणि चार हात उडून दमणाऱ्या कोंबडीच्या छातीत नावापुरतं. म्हणून ते मांस लाल आणि हे पांढरं. शिवाय मांसातलं हे लोह पालेभाजीतल्या लोहासारखं आतड्याच्या दारात ताटकळत नाही, घरचं माणूस असल्यासारखं आत जातं. छातीच्या मांसाशी ताडून पाहिलं तर बीफमध्ये लोह अडीचपट, जस्त पाचपट, बी-बारा त्याहून जास्त. नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व तेवढं उलटं, ते कोंबडीत दुप्पट.

“कढई,” उत्पला स्वतःशी म्हणाली. आईनं गावाहून लोखंडी कढई आणली होती. लोखंडात रस्सा उकळला की लोह उतरतं, हे तीच तर सगळ्या आयांना सांगायची. तिला हायसं वाटलं. मग तिची नजर जस्तावर गेली. लोखंडी कढईतून जस्त कसं उतरेल? आणि नायसिन निम्म्यावर का आलं? कढई काही नायसिन खात नाही.

मटण असेल. मटणाचे आकडे बीफच्या शेजारीच राहतात. पण मटण शिजवलं असतं तर आईनं ते अख्ख्या मजल्याला सांगितलं असतं. मटणाला कोंबडी म्हणून कोण लपवेल?

ती मागे मागे गेली. दीड महिन्यापासून, आठवड्यातून दोन-तीनदा, हेच. नोंद कोंबडीची, आणि खाली हे लालबुंद आकडे. दीड महिना तिच्याच डोळ्यांखालून गेलेले. दुसऱ्यांच्या ताटल्या ती बारकाईनं बघायची, आपल्या घरच्या ताटलीवर तिचा विश्वास होता.

पडद्यावर प्रश्न उमटला होता: आकडे आणि नाव जुळत नाहीत, कारण? उत्पलानं लिहिलं, “लोखंडी कढईचा वापर.” यंत्रानं ते मान्य केलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या पाटकरकाकू भेटल्या. सोसायटीच्या कमिटीत होत्या आणि कमिटीत नसलेल्या गोष्टीही बघायच्या.

“काय ग, तुमच्याकडे सगळ्यांच्या ताटल्या दिसतात म्हणे?”

“आकडे दिसतात काकू. आजारी मुलांचेच, आणि तेही कोणाला सांगायचे नसतात.”

“नको सांगूस, मी कुठे विचारतेय. पण आकड्यांवरून कळतं म्हणे आता, कोण कोंबडी खातो आणि कोण दुसरं काही. माझ्या भाच्याच्या सोसायटीत कळलं एकाचं. भाडेकरू होते बिचारे. महिन्याच्या आत गेले.” काकू हसल्या. “आपल्याकडे तसलं कोणी नाही, म्हणून बरं. तुझ्या आईचा मसाला मात्र फार छान हं. वास पार खालपर्यंत येतो.”

चौथा मजला येईपर्यंत उत्पला त्या वासाचा विचार करत राहिली. काकू मसाल्याबद्दलच बोलल्या होत्या ना?

रात्रीच्या जेवणाला वरण-भात होता. निशिकांत जुईला मांडीवर घेऊन भरवत होता. सिन्नरच्या ज्या कारखान्यात तो इंजिनीअर होता तिथे मोठाल्या टाक्यांमधून कोंबडीचं मांस वाढवत. पंख नाहीत, चोच नाही, नुसतं मांस. तिकडचे पांढरे डबे दर आठवड्याला घरी येत. झाकणावर निळ्या कोंबडीचं चित्र.

“दुपारी काय जेवलीस ग चिमणे?” उत्पलानं विचारलं.

“कोंबडी. आजीनं केलेली.”

“कशी होती?”

“आजीसारखी.”

निशिकांत मोठ्यानं हसला. “आई, ऐकलंत का, तुम्ही कोंबडीसारख्या आहात.”

“म्हातारी कोंबडी म्हणा, जावईबापू,” गयाबाई म्हणाल्या. “शिट्ट्या जास्त लागतात.”

उत्पला हसली नाही. “आई, तू गुरुवारी बाजारात जातेस ती कुठपर्यंत जातेस?”

“मेथीपर्यंत.”

“आणि येताना?”

“येताना मेथी घेऊन.” गयाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग हळूच भात कालवायला लागल्या. निशिकांतनं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला. उत्पलाच्या ते ध्यानात आलं नाही. संशयाला एकच डोळा असावा तशी ती आईकडेच बघत होती.

कारण तिला दुसरं कोणी सुचणंच शक्य नव्हतं. ते मांस आणि तिचा संसार यांच्यामधली वाट माहीत असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून भात कालवत होतं. आईनं नातीचं पांढरं तोंड पाहिलं असेल. तिला जुनी दोरी आठवली असेल. गावाकडे अशक्त लेकराला, बाळंतिणीला तेच देत. गुरुवारच्या बाजारातून मेथीच्या जुडीखाली एक पुडकं आणणं काय अवघड होतं? आईनं हे केलं असेल तर मायेनं केलं असेल, हे उत्पलाला कळत होतं. म्हणून तर राग जास्त येत होता. मायेशी भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती घरात चोरासारखी वागू लागली. ओट्याखालचे डबे उघडून हुंगले. आईच्या ओच्यातली चंची रिकामी करून पाहिली, तर सुपारी निघाली. गुरुवारी मेथीची जुडी तिनं स्वतः निवडायला घेतली. जुडीत मेथीच होती. शुक्रवारी गयाबाई जुईला शाळेत सोडायला गेल्या, तेव्हा उत्पला त्यांच्या खोलीत शिरली आणि खाटेखालची कापडी पिशवी बाहेर ओढली. दोन लुगडी, बाबासाहेबांचा छोटा फोटो, सांधेदुखीचं तेल, जुईसाठी शिवायला घेतलेलं अर्धं दुपटं.

“काय शोधायलीस ग?”

गयाबाई दारात उभ्या होत्या. चप्पल हातातच होती.

उत्पला उठली. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खरंच बाहेर पडलं, तेही कुजबुजून, जणू भिंतीलाही पाटकरकाकूंचे कान होते. “आई, जुईला तू मोठ्याचं घालतेस का?”

गयाबाईंनी चप्पल खाली ठेवली. एकीशेजारी एक, नीट.

“कोणी सांगितलं?”

“ताटलीनं.”

“तिला नाव कळत न्हाई म्हणालतीस ना.”

“आकडे कळतात. मला आकडे वाचता येतात. आई, खरं सांग. मी ओरडणार नाही.”

“म्या बाजारातून काही आणलं न्हाई. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते.”

“मग हे आलं कुठून?”

गयाबाई खाटेवर बसल्या. त्यांनी पिशवीतून निघालेल्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या. दुपटं शेवटी ठेवलं. आईचं हे गप्प बसणं उत्पलाला कबुलीसारखं वाटलं.

“सासूबाईंना कळलं तर? ह्याला कळलं तर? मी ह्या घरात काय सांगून आलेय ते तुला माहीत आहे. लग्नात तूच म्हणाली होतीस, आता ते तोंडातून काढायचं नाही. ताटातूनही नाही.”

“हाव. म्याच म्हणलेले.”

“मग?”

“तुझ्या लग्नापासनं म्या बी शिवले न्हाई त्याला. तुझ्याकडं आले की कोणाला वास येऊ नये म्हणून.” गयाबाईंनी पिशवीचे बंद आवळले. “उद्याच्याला जाते म्या. शेळ्या शेजारणीवर टाकून आले, तिला बी किती दिस सांगायचं.”

“मी जा म्हटलं नाही.”

“पिशवी बघितलीस की, माय. आणखी काय म्हणायचं असतं?”

उत्पलानं दवाखान्यात रजा कळवली. घरात दोघींचा वावर असा झाला की एक स्वयंपाकघरात आली की दुसरी बाहेर. बारा वाजत आले तेव्हा गयाबाई बाहेरूनच म्हणाल्या, “लेकरू येईल आता. माझ्या हातचं नको, तर तूच कर काहीतरी.”

उत्पलानं फ्रीजर उघडला. निळ्या कोंबडीचा डबा काढला. गेले दोन महिने तिनं ह्या डब्याला हात लावला नव्हता. सकाळी पोळ्या लाटून ती पळायची, दुपारचं सगळं आईकडे आणि रात्री घरात सामिष शिजत नसे. आतलं मांस बिनहाडाचं, चौकोनी वड्यांचं, बर्फानं पांढरं पडलेलं. पाण्यात सोडलं तसा बर्फ विरघळला आणि खालून रंग वर आला.

ती बघत राहिली. टाकीतल्या मांसाचा रंग कसा असतो कोणास ठाऊक, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. कढईत तेल घातलं, वड्या सोडल्या. आधी पाणी सुटलं. मग पाणी आटलं, आणि वास आला.

मेंदूच्या आधी जिभेला कळलं. हे रडू होतं की भूक, तिला सांगता येईना. मसाला अजून पडायचा होता. हा मसाल्याचा वास नव्हता. आणि कोंबडीचा तर जन्मात नव्हता.

तिनं गॅस बंद केला. डबा उलटसुलट करून पाहिला. कारखान्याचा शिक्का होता, कोंबडी होती. झाकणाची पट्टी मात्र एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली. हे डबे बाजारातून येत नव्हते. गयाबाई आणत नव्हत्या.

“आई,” तिनं हाक मारली. गयाबाई आल्या. कढईकडे त्यांनी पाहिलं नाही. दारातच त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या आणि त्यांनी नजर खाली वळवली. तेवढ्यावरून उत्पलाला सगळं समजलं.

“तुला माहीत होतं.”

“पैल्याच दिशी कळलं. पाण्यात सोडलं तवाच.”

“आणि ताटलीला रोज कोंबडी सांगत राहिलीस.”

“जावईबापू कोंबडी म्हणून देऊन गेले, म्या कोंबडी म्हणलं.”

“अगं, पण मला तरी सांगायचंस. मी तुझी पिशवी उपसली, तुझ्यावर आळ घेतला, तेव्हा तरी.”

गयाबाई पाटावर टेकल्या. थोडा वेळ गुडघा चोळत राहिल्या.

“सांगून काय झालं असतं? तू जाऊन त्यांना इचारलं असतंस, हे काय आणलं म्हणून. ते म्हणाले असते, तुमाला कसं कळलं? पांढऱ्या डब्यातलं, निळी कोंबडी काढलेलं, ते वासावरून कोणाला कळतं, उत्पला? ज्यानं खाल्लंय त्याला. मग तुझं ते क्वचित कोंबडी खाणं कुठं ऱ्हातंय? त्यापरीस म्या चोर झाले तर काय बिघडलं? माझं वय झालं. मला कोणाच्या घरात नांदायचंय आता.”

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. जुई आली असावी. उत्पला आईच्या पायाशी बसली आणि तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. गयाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, एकदाच, आणि म्हणाल्या, “ऊठ. गॅस लाव, मसाला टाक. लेकरू काय खाईल आता?”

निशिकांत त्या दिवशी लवकर, ऊन उतरायच्या आत घरी आला. जुई खाली खेळायला गेली होती. उत्पलानं मुद्दामच धाडली होती. त्यानं हातपाय धुतले, आणि टेबलाशी आला तर समोर जुईची ताटली, ताटलीत दुपारचा रस्सा. काचेच्या कडेत हिरवा ठिपका लुकलुकत होता. पदार्थाचं नाव सांगा, असं ताटली विचारत होती.

“तू सांग,” उत्पला म्हणाली.

त्यानं ठिपक्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दुपारपासून उत्पलाच्या मनात संशयानं नवं घर केलं होतं: ह्याला माझं सगळं कळलंय. कोणीतरी गावाकडचं सांगून गेलंय, आणि हा मला पारखतोय. पोरीच्या ताटात ते ठेवून मी ओळखते का, ते बघतोय. हा विचार येताच तिला त्याच्याबरोबरची आठ वर्षं एकदम अनोळखी वाटली होती.

निशिकांत खुर्चीत बसला. “तुला आकड्यांवरून कळणार हे मला समजायला हवं होतं. रोज वाटायचं, आज विचारेल.”

“काय आहे हे?”

“म्हैस. बीफच म्हण. पण कापलेली नाही.” तो घाईनं बोलू लागला. “मागच्या वर्षी आम्हाला परवानगी मिळाली. एका म्हशीच्या मानेतून चिमटीभर पेशी एकदाच काढल्या. ती म्हैस अजून चारा खातेय, मी तिला बघतो रोज. पेशींना उबदार टाकीत साखर, मीठ, प्रथिनं द्यायची, धरून राहायला बारीक धागे द्यायचे. त्या दुपटीनं वाढत जातात. आईच्या पोटात वाढतं तसंच, पोट तेवढं पोलादाचं. सगळं तपासून झालंय, परदेशात जातं, मोठ्या हॉटेलांत जातं. आम्हा कामगारांना हवं तर घरी नेता येतं. कोणी नेत नाही. मी नेलं.”

“माझ्या नकळत.”

“जुई पायरीवर बसायची ना, तेव्हा माझ्याच्यानं बघवायचं नाही. तू दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना लोह शिकवायचीस आणि रात्री हिची पापणी ओढून बघायचीस. मी तुझा तो तक्ता पाहिला होता. तू झाकतेस तो रकाना. इतकं सरळ होतं ते. कोंबडीतून जे मिळायला वर्ष लागलं असतं ते ह्यातून... आणि मिळालं ना? दहाच्या वर गेलं ना?”

“मला विचारायचंस.”

“भीती वाटली.”

“तुझ्या आईंची?”

“आईला मी कधीतरी सांगेन. तिला राग येईल, मग जाईल. तुझी वाटली.” त्यानं मान वर केली नाही. “जुईच्या वेळी तुला सहावा महिना होता, आपण मालेगावहून येत होतो. चहाला थांबलो होतो. शेजारच्या गाड्यावर शिगेला लावून मोठ्याचं भाजत होते. तू एकदम ओढणी नाकातोंडाला लावलीस आणि डोळे मिटून घेतलेस. पांढरी पडली होतीस. मी चहा तसाच टाकून गाडी काढली. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस. तेव्हाच मला कळलं, हिला नुसत्या वासानं एवढं मळमळतं. मग त्याच गोष्टीवर तुझी पोर वाढवतोय असं तोंडावर कसं सांगणार होतो? फेकायचं असेल तर फेक. पण मला त्या मांसाइतकं घाणेरडं समजू नकोस, एवढंच.”

स्वयंपाकघराच्या दारात गयाबाई आल्या होत्या. निशिकांतची त्यांच्याकडे पाठ होती. त्यांनी लेकीकडे बघून हळूच मान हलवली. नको. झालं तेवढं पुरे.

आणि खरंच, सगळं उत्पलाच्या बाजूनं लागलं होतं. फसवलं त्यानं होतं, कबूल त्यानं केलं होतं. तिनं थोडं रुसायचं, थोडं रडायचं, मग मोठ्या मनानं माफ करायचं. डबे यायचे, पोर सुधारायची, ताटलीला कोंबडी सांगायची. आईची पिशवी दारामागे बांधलेली होती, ती सकाळी गेली की ह्या घरात तो वास ओळखणारं कोणी उरणार नव्हतं. समोर बसलेला माणूस आयुष्यभर मान खाली घालून तिच्या मळमळीची काळजी घेत राहील. घाणेरडं, असा शब्द त्यानं वापरला होता. वापरला तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की तो कोणाच्या ताटाबद्दल बोलतोय.

ताटलीचा हिरवा ठिपका वाट बघून विझला.

उत्पलानं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. आईकडे तिनं पाहिलं नाही.

“मला मळमळलं नव्हतं, निशिकांत,” ती म्हणाली. “तोंडाला पाणी सुटलं होतं. जुई पोटात होती आणि मला ते खायचं होतं. मी लहानपणी तेच खाऊन मोठी झालेय, आणि तुला दिसू नये म्हणून ओढणी लावली होती.”